सोफा आत, सोफा बाहेर

लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारची खुर्ची पकडायला आमच्या नातेवाइकांत चढाओढ असते. माझ्यावर कोणाचं विशेष प्रेम आहे असं नाही. आर्णीच्या शाखेत मी शैक्षणिक कर्जाचं टेबल सांभाळत होते हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि हल्ली प्रत्येक घरात एक तरी पोरगं नीटच्या क्लासला घातलेलं असतं. वरणभात होईपर्यंत माझ्या गुडघ्यांची चौकशी होते. जिलेबी वाढायला घेतली की कोणीतरी कानाशी येतं, ‘‘ताई, ते एमबीबीएसच्या लोनचं कसं असते?’’ सांगता सांगता जिलेबी गार होते. निवृत्त झाल्यापासून मी एकही जिलेबी गरम खाल्लेली नाही.

म्हणून म्हटलं, एकदाचं लिहून टाकावं. यापुढे कोणी विचारलं की अंक हातात द्यायचा आणि आपण खात बसायचं.

तर हे कर्ज इतर कर्जांसारखं नसतं. म्हशीसाठी कर्ज दिलं तर गोठ्यात म्हैस दिसते. ट्रॅक्टरसाठी दिलं तर ट्रॅक्टर दिसतो, त्याच्यावर बँकेचं नावसुद्धा रंगवून घेता येतं. डॉक्टर होण्यासाठी कर्ज द्यायचं तर टेबलासमोर दिसतं ते फक्त एक पोरगं, आणि तेही सही करायच्या आधी बापाच्या तोंडाकडे बघणारं. त्याच्या डोक्यात काय आहे ते मार्कलिस्टवरून समजून घ्यायचं. शिकणं संपलं, वर आणखी वर्ष गेलं, की मग हप्ते सुरू होतात. तोवर बँकेनं वाट बघायची. ठरावीक रकमेपर्यंत तारण लागत नाही. आई किंवा वडील कर्जात बरोबरीनं सही करतात, झालं.

गंमत पुढेच आहे. घरचं उत्पन्न कमी असेल तर शिकत असतानाचं व्याज सरकार भरतं. त्यासाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो. म्हणजे एकाच घरानं बँकेला सांगायचं की काळजी करू नका, आम्ही फेडू, आणि तहसीलला सांगायचं की साहेब, आमच्याकडे काही नाही. आणि बहुतेक घरांत या दोन्ही गोष्टी अगदी खऱ्या असतात. मला यात कधीच काही विचित्र वाटलं नाही. पण लोकांचा यात असा काही गोंधळ उडायचा की मी घरी येऊन एकटीच हसत बसायची.

मुकुटबनचे एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. सगळं शांतपणे ऐकून घेतलं, उपरणं झटकलं आणि विचारलं, ‘‘बाई, पोट्टा मधातच नापास झाला तं पैसे अर्धेच भरा लागतीन ना?’’ नातू खुर्चीत इतका खाली सरकला की टेबलावरून दिसेना. दुसऱ्या एका बापाला, मुलगा पुढे हाडांचा डॉक्टर झाला तर व्याज कमी लागतं का, हे आधी जाणून घ्यायचं होतं. त्याप्रमाणे तो मुलाला आत्ताच काय ते सांगणार होता. एका आईनं फाईलची पूजा करून ती आणली. आम्ही कागद स्कॅन करून पोर्टलवर चढवले, तर वरच्या ऑफिसातून फोन आला, ‘‘मार्कलिस्टवर लाल डाग कशाचे आहेत? काही झालंय का तिकडे?’’ मी म्हटलं, काही झालेलं नाही, कुंकू आहे.

हसू यायचं, पण प्रत्येक फाईलच्या मागे एक तारीख उभी असायची. मेडिकलची जागा मिळाली की अमुक दिवसापर्यंत फी भरा, नाहीतर जागा पुढच्या मुलाला. बाभुळगावच्या एका मुलाच्या वेळी ऐन दिवशी पोर्टल बंद पडलं ते पडलंच. आम्ही सगळी शाखा पडद्याकडे बघत बसलो होतो. तो मुलगा जाताना म्हणाला, ‘‘जाऊ द्या म्याडम, तुमची काय चूक.’’ तो आता यवतमाळात चांगल्या नोकरीत आहे, रस्त्यात दिसला की नमस्कार करतो. मला मात्र अजून वाईट वाटतं. तेव्हापासून मेडिकलची फाईल आली की मी तारीख आधी बघायची आणि पोरगं नंतर.

रुबिनाची तारीख शुक्रवार होती.

रुबिना ही रशीदभाईंची मुलगी. रशीदभाई म्हणजे आमच्या आर्णीतले मोटारसायकलींचे मिस्तरी. टिनाचं एक शेड, बाहेर रांगेत गाड्या, आणि शेडच्या मागे गल्लीत दोन खोल्यांचं घर. आमच्या शाखेतली एकही दुचाकी अशी नव्हती जिच्या आतड्यांत त्यांनी हात घातलेला नाही. ते बँकेत आले ते तळहात पुसत पुसत, आणि खुर्चीला ग्रीस लागेल म्हणून बसेचनात. रुबिना शेजारी उभी. किडकिडीत, चष्मा, ओढणी नीट पिनअप केलेली, छातीशी फाईल.

‘‘म्याडम, पोरीचं नाव लागलं ना मेडिकलले,’’ रशीदभाई म्हणाले. ‘‘खासगी कॉलेज हाये. थोडी फी माफ हाये, बाकी भरा लागते. आता कसं करायचं, तुमीच सांगा.’’

मी फाईल चाळली. कागद चोख होते. एक उत्पन्नाचा दाखला तेवढा तहसीलमधून यायचा होता. मी म्हटलं, ‘‘काही काळजी करू नका. मंगळवारी दुपारी मी घरभेटीला येते. ती झाली की मॅनेजर साहेब सही करतील, आणि शुक्रवारच्या आत पैसे थेट कॉलेजात.’’

आता ही घरभेट म्हणजे फार मोठं प्रकरण नसतं. दिलेल्या पत्त्यावर हे लोक खरोखर राहतात का, आईबापाला कर्ज कशाचं ते माहीत आहे का, शेजारीपाजारी काय म्हणतात, एवढं बघायचं, चहा नको म्हणायचं, चहा प्यायचा आणि परत यायचं. पण आमच्याकडे बँकेचा माणूस घरी येतो तो बहुधा म्हशी मोजायला किंवा मोटारपंप बघायला. त्यामुळे बँक येणार म्हटलं की घरात काय काय आहे ते दाखवायचं, ही लोकांची पक्की समजूत. मी हे विसरले. म्हणजे खरं तर ‘काही करू नका’ असं सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

मंगळवारी गल्लीत शिरले तर रशीदभाईंच्या दारात ट्रॅक्टर उभा. मिस्तरीच्या दारात ट्रॅक्टर असणं काही नवल नाही, पण याला झेंडूचा हार घातला होता. जवळ गेले तर बोनेटवर ठळक अक्षरात आमच्या बँकेचं नाव. हे कर्ज मीच दिलेलं, आधी शेतीकर्जाच्या टेबलावर असताना. ट्रॅक्टर तांड्यावरच्या राठोडांचा, हे मला त्याच्या वाकलेल्या मडगार्डावरूनसुद्धा ओळखू आलं.

आत गेले आणि दारातच थबकले. दोन खोल्यांच्या त्या घरात मरून रंगाचा भला मोठा सोफासेट. तो इतका मोठा की आतल्या खोलीत जायचं तर त्याच्यावरूनच जावं लागत होतं, आणि रुबिना तशीच सोफ्यावर चढून, चपला हातात घेऊन पलीकडून माझ्यापर्यंत आली. एका कोपऱ्यात फ्रिज, दुसऱ्या कोपऱ्यात आणखी एक फ्रिज. खिडकीत कूलर. कूलरवर मिक्सर, मिक्सरच्या शेजारी दुसरा मिक्सर. कपडे धुवायचं मशीन स्वयंपाकघराच्या दारात आडवं, आणि त्याच्या पलीकडे रशीदभाईंच्या बायको, नसीमभाभी, अडकून पडलेल्या. त्यांनी मशीनवरूनच मला सलाम केला.

सोफ्याच्या मधोमध वच्छलाबाई बसल्या होत्या. या समोरच्या घरातल्या. अंगणवाडीत सेविका, आवाज असा की गल्लीच्या टोकाच्या पोराला घरात बसून अभ्यासाला लावतील. आम्ही दोघी एकमेकींना बुद्धविहारातल्या कार्यक्रमांतून ओळखत होतो.

‘‘बसा म्याडम,’’ त्या म्हणाल्या. ‘‘नवीन हाय सोफा. रशीदभाईनं परवाच घेतला.’’

मी बसले. कुशनवर हात फिरवला. गेल्या दिवाळीत वच्छलाबाईंच्या घरी मी याच सोफ्यावर चकली खाल्ली होती, आणि माझ्याच हातून सांडलेल्या चहाचा डाग अजून तिथेच होता.

‘‘वच्छलाबाई,’’ मी म्हटलं, ‘‘हा डाग माझा आहे.’’

मग रशीदभाई कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, ‘‘मी नाई म्हणत होतो म्याडम. कसम से. हे सारे आयकतच नव्हते.’’

‘‘मंग काय करावं?’’ वच्छलाबाई उसळल्या. ‘‘बँकेले काय रिकामं घर दाखवाचं का? बाजेवर बसवाचं तुमाले? पोरीची सीट गेली तं जबाबदार कोण?’’

मला हसू इतकं आलं की पदर तोंडाशी धरावा लागला. मी त्यांना समजावून सांगितलं की सोफ्याचा आणि कर्जाचा काही संबंध नाही. उलट व्याज सरकारनं भरायचं तर उत्पन्न कमी असल्याचा दाखला हवा, आणि त्या दाखल्यासाठी तलाठी चौकशीला आला आणि त्यानं हे दोन फ्रिज बघितले तर...

‘‘तलाठी?’’ रशीदभाई म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. ‘‘तलाठी तं आजच येऊन राह्यले. गॅरेज हाये म्हणून घर पाह्यतो म्हणे. सकाळी फोन आलता.’’

‘‘आज किती वाजता?’’

रशीदभाईंनी उत्तर द्यायच्या आधी गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल बंद पडल्याचा आवाज आला. तो आवाज ऐकून ते म्हणाले, ‘‘त्याहीचीच गाडी हाये. कार्बोरेटर. आणतो म्हणे उद्या, आणतो म्हणे उद्या, आणलीच नाई.’’

पुढे जे झालं ते मी नीट आठवून सांगू शकत नाही, कारण सगळं एकदमच झालं. वच्छलाबाईंनी अंगणवाडीचा आवाज काढला आणि गल्लीतल्या प्रत्येक दारातून माणसं बाहेर आली. ज्यानं त्यानं आपापलं उचललं. फ्रिज निघाला, दुसरा फ्रिज निघाला. मशीन हललं तेव्हा नसीमभाभी मोकळ्या झाल्या आणि त्यांनीही आधी कूलरच धरला. मिक्सर कोणाचा कोणता यावरून दारातच वाद सुरू झाला. राठोड ट्रॅक्टर सुरू करायला धावले, तर हार फॅनमध्ये अडकून झेंडूची फुलं सगळ्या गल्लीत उडाली. सोफा मात्र दारातून निघेना. आत कसा नेला होता हे कोणालाच आठवत नव्हतं. एका बाजूला वच्छलाबाई, दुसऱ्या बाजूला रशीदभाई, आणि वेळ जातो आहे हे बघून मी माझी पर्स रुबिनाकडे दिली आणि तिसरा कोपरा धरला.

सोफा सुटला तो एकदम सुटला. आम्ही तिघंही त्याच्यासकट गल्लीत आलो, आणि समोर तलाठी. हातात हेल्मेट.

त्यानं सोफ्याकडे पाहिलं, गल्लीतून धावत जाणाऱ्या फ्रिजकडे पाहिलं, ट्रॅक्टरवरच्या आमच्या बँकेच्या नावाकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. मला तो चांगला ओळखत होता.

‘‘म्याडम,’’ तो हळूच म्हणाला, ‘‘जप्ती का?’’

मी सोफ्यावरच बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. ते पाणी पाहून त्याला वाटलं मी रडते आहे. तो आणखीच गंभीर झाला. ‘‘तुमचा तं नाइलाजच हाये म्हणा,’’ असं म्हणून तो आत गेला. दोन खोल्या, एक बाज, स्टोव्ह आणि भिंतीला लावलेली रुबिनाची पुस्तकं एवढंच आत उरलं होतं, आणि तेवढंच त्यांचं होतं. त्यानं तेच लिहून नेलं. मी मागून गल्लीच्या टोकापर्यंत गेले, जप्ती नव्हती हे सांगत. पण त्याची गाडी सुरू होत नव्हती आणि तो किक मारण्यात गुंतला होता. शेवटी रशीदभाईंनीच ती ढकलून दिली.

दाखल्याचं काम झालं, असं समजून मी खुशीत घरी गेले. पण तलाठ्याला जे दिसलं ते त्यानं बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर सांगितलं होतं. टपरीवरून ते बाजारात गेलं. बुधवारी सकाळी मी शाखेत जायला निघाले तर रशीदभाईंच्या गॅरेजसमोर गर्दी. जप्तीत आपली गाडी जाईल या धास्तीनं गिऱ्हाइकं गाड्या परत न्यायला आली होती. कोणाची चेन काढलेली, कोणाचं चाक खोललेलं. एक गुरुजी गाडी ढकलत निघाले होते आणि त्यांचा मुलगा पुढचं चाक खांद्यावर घेऊन मागून चालला होता.

शाखेत आले तर मॅनेजर, देशमाने साहेब, केबिनच्या दारातच उभे. साहेब कोल्हापूरकडचे, बदलीवर नवीन आलेले, माणूस भला पण धास्तावलेला.

‘‘मॅडम, काल आपण जप्ती केली?’’

‘‘नाही साहेब.’’

‘‘मग पानवाल्यापासून सगळे माझं अभिनंदन का करताहेत? आणि ज्याच्या घरी जप्ती केली त्याच्याच मुलीच्या कर्जावर मी आज सही करायची आहे, असं तो पानवालाच मला सांगतोय.’’

मी सगळं सांगितलं. साहेब हसले नाहीत. त्यांचंही चुकीचं नव्हतं. उद्या कोणी वर तक्रार केली असती तर सही त्यांची होती. ‘‘मी स्वतः बघतो,’’ ते म्हणाले. ‘‘बघितल्याशिवाय सही नाही.’’ मी तारखेची आठवण करून दिली. ‘‘म्हणूनच आत्ता जाऊ,’’ ते म्हणाले, आणि आम्ही निघालो. मी रुबिनाला फोन करून एवढंच सांगितलं की साहेब येताहेत, कोणी काही आणू नका.

ते तिनं जसंच्या तसं वच्छलाबाईंना सांगितलं. वच्छलाबाईंनी आदल्या दिवशीच्या प्रकारातून धडा घेतला होता, तो असा की सरकारी माणसाला जितकं कमी दिसेल तितकं बरं. आम्ही पोचलो तेव्हा घरात काही नव्हतं. म्हणजे काहीच नव्हतं. बाज नाही, स्टोव्ह नाही, भांडं नाही, दाराला पडदा नाही, खिळ्यावरचं कॅलेंडरसुद्धा काढलेलं. नसीमभाभी आणि रशीदभाई रिकाम्या खोलीत भिंतीला टेकून उभे. रुबिनाची पुस्तकं तेवढी जागेवर होती, कारण ती तिनं कोणाला हलवू दिली नव्हती.

साहेबांनी चारी बाजूंना पाहिलं. मग मला विचारलं, ‘‘मॅडम, यांचं जेवण कशात बनतं?’’

रशीदभाईंनी शेडमधून ट्रकचं जुनं टायर आणलं आणि आडवं टाकलं. साहेब त्याच्यावर बसले आणि थोडे आत गेले. गुडघे हनुवटीला लागले. तशा अवस्थेत त्यांनी फाईल उघडली.

‘‘रशीदभाई, काल इथे सोफा होता म्हणे. आज चटईपण नाही. उद्या भिंती असतील की नाही? मी काय लिहू?’’

रुबिना पुढे आली.

‘‘साहेब, कालचा सोफा काकूचा होता. आजचं रिकामं घरबी काकूनंच केलं. आमचं सामान त्याहीच्याच घरी हाये. या साऱ्यात माझी फक्त मार्कलिस्ट हाये. तेवढी पाहा. कर्ज मले पाह्यजे, भरीनबी मीच.’’

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. साहेबांनी चष्मा काढून तो पुसला. दारात आता सगळी गल्ली गोळा झाली होती. साहेबांनी वच्छलाबाईंना जवळ बोलावलं.

‘‘बाई, तुम्ही तुमचा सोफा यांना दिला. का?’’

‘‘का म्हणजे?’’ वच्छलाबाईंना प्रश्नच कळला नाही. ‘‘त्याहीले पाह्यजे होता.’’

‘‘फ्रिज कोणी दिला?’’

दोन हात वर झाले.

‘‘आणि तो ट्रॅक्टर?’’

‘‘माह्या हाये जी,’’ राठोड मागून म्हणाले. ‘‘पेरणीच्या दिवसात बंद पडलता. या मानसानं शेतात येऊन चालू करून देल्ला. रात झालती. पैसे विचारले तं म्हणे, पीक आल्यावर पाहू. मी कायले नाई म्हणन?’’

मग प्रत्येकालाच काहीतरी आठवलं. एक जण बोलायला लागला की दुसरा त्याला थांबवून आपलं सांगू लागला. साहेब टायरमध्ये बसून ऐकत होते. उठायचा त्यांनी एकदा प्रयत्न केला, पण जमलं नाही, तेव्हा आणखी ऐकलं. शेवटी राठोडांनी हात देऊन त्यांना बाहेर ओढलं.

शाखेत आल्यावर साहेब म्हणाले, ‘‘मॅडम, तुमचा भेटीचा अहवाल द्या. सगळं खरं लिहा.’’

त्या अहवालात एक जागा असते, शेजाऱ्यांकडे चौकशी. तिथे आम्ही सगळे वर्षानुवर्षं एकच शब्द लिहीत आलो, ‘समाधानकारक’. त्या दिवशी मी लिहिलं, ‘शेजाऱ्यांनी अर्जदाराच्या वडिलांना स्वतःचा सोफा, दोन फ्रिज, कूलर, दोन मिक्सर, कपडे धुण्याचे मशीन व एक ट्रॅक्टर विनाअट, विनातारण वापरायला दिले. ट्रॅक्टर आपल्या बँकेकडे तारण आहे.’

साहेबांनी ते मोठ्यानं वाचलं. आणि मग, इतक्या वेळात पहिल्यांदा, ते हसायला लागले. कॅशियर काउंटर सोडून बघायला आला. साहेब खुर्चीला धरून हसत होते. ‘‘आपण पत पत म्हणून आयुष्यभर कागदात शोधतो,’’ ते म्हणाले, ‘‘आणि हा माणूस ती गल्लीतून उचलून आणतो. याला नाही द्यायचं तर कोणाला द्यायचं?’’ आणि सही केली.

गुरुवारी तहसीलचा दाखला आला. तो तलाठी स्वतः घेऊन आला आणि माझ्यासमोर बसून म्हणाला, ‘‘म्याडम, ते जप्तीचं कोणाले सांगजा नोको.’’ मी म्हटलं, नाही सांगणार. शुक्रवारी मी सकाळपासून पोर्टलकडे अशी बघत होते की कॅशियरनं माझ्या डोळ्यांपुढे हात हलवून पाहिला. दुपारी कॉलेजकडून फी पोचल्याचं कळलं. मी रुबिनाला फोन केला. फोनमधून आधी वच्छलाबाईंचा आवाज ऐकू आला आणि मग फटाक्यांचा. बाभुळगावच्या त्या मुलाची मला फार आठवण झाली. मी वॉशरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले.

ती होस्टेलला निघाली त्या दिवशी मी रजा टाकली. गल्लीनं सामान जमवलं होतं. गादी एकाची, कुकर दुसऱ्याचा, बादल्या, इस्त्री, पंखा, लोणच्याच्या बरण्या. वच्छलाबाई सोफ्यातली एक खुर्ची तरी घालू म्हणत होत्या. त्यांना आवरायला मला आणि नसीमभाभींना मिळून जोर लावावा लागला. सगळं राठोडांच्या ट्रॉलीत चढवलं. बसस्टँड काही लांब नाही, पण रशीदभाई म्हणाले, ट्रॅक्टर मी चालवतो. आम्ही बाया गादीवर बसलो, मधोमध रुबिना. पुढे बोनेटवर आमच्या बँकेचं नाव, आणि हार पुन्हा घातलेला.

टपरीपाशी आलो तर चहावाला ओरडला, ‘‘म्याडम, आज पुन्हा साऱ्याची जप्ती का?’’

‘‘हाव,’’ रुबिनानं वरूनच उत्तर दिलं. ‘‘आज मलेच उचलून नेऊन राह्यले.’’

सगळे हसलो. रशीदभाई हसले नाहीत. त्यांचा शर्ट मागून हलत होता, आणि एक हात सारखा डोळ्यांकडे जात होता. त्यामुळे त्यांना वळण दिसलंच नसावं. बसस्टँड डावीकडे राहिलं आणि ट्रॅक्टर सरळ हमरस्त्याला लागला. आम्ही ट्रॉलीतून हाका मारल्या, पत्र्यावर हात आपटले. इंजिनाच्या आवाजात त्यांना काही ऐकू जाईना.

‘‘राहू द्या,’’ वच्छलाबाई गादीवर नीट मांडी घालून म्हणाल्या, ‘‘तो आता कॉलेजच्या दारातच थांबन.’’